पेट्री डिशमध्ये आकुंचन पावणाऱ्या पेशी

उंदराच्या गर्भापासून मिळवलेल्या १०टी१/२ नावाच्या पेशी प्रयोगशाळेत कितीही पिढ्या वाढवल्या तरी एरवी स्नायू बनत नाहीत. १९७०च्या दशकात पीटर जोन्स हे संशोधक रसायनोपचाराच्या औषधांचा या पेशींवर होणारा परिणाम अभ्यासत होते. ५-अझासायटिडिन हे औषध घातलेल्या डिशमध्ये काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, अनेक केंद्रकांचे तंतू दिसले, आणि ते चक्क आकुंचन पावत होते. १९७७ मध्ये हे निरीक्षण ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी शर्ली टेलर यांच्यासह जोन्स यांनी दाखवले की त्याच औषधाने चरबीच्या आणि कूर्चेच्याही पेशी तयार होतात.

हे उत्परिवर्तनामुळे घडले असेल असे मानणे कठीण होते, कारण उत्परिवर्तने क्वचित होतात आणि इथे तर बदल सर्रास दिसत होता. उत्तर औषधाच्या रचनेत होते. १९६४ मध्ये प्राग येथे तयार केलेला हा रेणू डीएनएतील सायटोसिन या घटकासारखाच दिसतो. मात्र वलयातील पाचव्या जागी कार्बनऐवजी नायट्रोजन असतो. निसर्गतः याच जागी विकरे (एन्झाइम) मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटा जोड, चिकटवतात, आणि जनुकाच्या आरंभभागी असे गट दाट असले की ते जनुक सहसा मूक राहते. पोथीतली अक्षरे तीच, पण काही पाने डिंकाने चिकटलेली, अशी ही अवस्था असते. पेशी विभागताना डीएनएमध्ये शिरलेल्या औषधाच्या रेणूवर मेथिल चिकटवायला गेलेले विकर तिथेच अडकून पडते, आणि नव्या धाग्यावर मेथिल गटांच्या जुन्या खुणा उतरत नाहीत. जोन्स आणि टेलर यांनी १९८० मध्ये पेशीचे रूपांतर आणि मेथिलीकरणातील (मेथिल गट चिकटण्यातील) ही घट यांचा संबंध ‘सेल’ या विज्ञानपत्रिकेत मांडला.

कर्करोगाशी याचे नाते सुरुवातीला उलटसुलट वाटले. १९८३ मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट वोगेलस्टाइन या संशोधकांना काही अर्बुदांच्या (कर्करोगाच्या गाठींच्या) डीएनएत मेथिल गट नेहमीपेक्षा कमी आढळले. पुढे मात्र पी१६सारखी, पेशीच्या बेबंद वाढीला लगाम घालणारी जनुके अर्बुदांमध्ये नेमकी मेथिलीकरणानेच मूक झालेली दिसू लागली. दोन्ही गोष्टी एकाच पेशीत एकत्र नांदतात: एकूण डीएनएवर खुणा विरळ, पण ठरावीक जनुकांच्या दारात दाट. हे चित्र स्पष्ट करण्यात जोन्स आणि त्यांचे दीर्घकाळचे सहकारी स्टीफन बेलिन यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे.

माझ्या मते या संशोधनातला सर्वांत मोलाचा धडा मात्रेचा आहे. सुरुवातीला हे औषध पेशी मारण्यासाठी भरपूर मात्रेत दिले जाई आणि रुग्णाला ते सोसत नसे. खुणा पुसण्याचे काम मात्र कमी मात्रेतच नीट होते, कारण त्यासाठी पेशी जिवंत राहून विभागायला हवी. अमेरिकेत २००४ मध्ये मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५८ अतिजोखमीच्या रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण २४.५ महिन्यांहून अधिक जगले, तर प्रचलित उपचार घेणाऱ्यांसाठी हाच आकडा १५ महिने भरला.

२०१५ मध्ये आणखी एक अनपेक्षित दुवा हाती आला. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंच्या अवशेषांनी व्यापलेला आहे आणि एरवी तो मेथिल गटांखाली निद्रिस्त असतो. जोन्स आणि बेलिन यांचा सहभाग असलेल्या दोन स्वतंत्र संशोधनांत दिसले की या औषधाने ते अवशेष जागे होतात, त्यांचे दुपदरी आरएनए तयार होतात आणि पेशीला विषाणूचा संसर्ग झाल्याचा भास होऊन ती इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनाचा इशारा देते. म्हणूनच रोगप्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या औषधांशी त्याची जोडी लावून पाहिली जात आहे. घन अर्बुदांत मात्र रक्ताच्या विकारांइतके यश अजून मिळालेले नाही.

शिवाय हे औषध निवड करत नाही. हव्या-नकोशा सर्वच जागांवरच्या खुणा ते पुसते. आणि पुसलेले कायमचे पुसले जात नाही. औषध थांबले की अनेक जनुकांवर मेथिल गट हळूहळू परत बसतात. म्हणून रुग्णाला ते साधारणपणे दर २८ दिवसांच्या चक्रात सात दिवस, पुन्हा पुन्हा घ्यावे लागते.