पृष्ठभागावरील भेगेचा शोध

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीतून बाहेर पडणारे कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेला भाग, दिसायला निर्दोष असले, तरी थंड होताना पडलेली केसाएवढी भेग त्याच्या अंगावर असू शकते. इंजिनातील क्रँकशाफ्टसारख्या फिरणाऱ्या भागात वाकवणारा आणि पिळणारा ताण पृष्ठभागावरच सर्वाधिक असतो, त्यामुळे तिथली बारीक भेग प्रत्येक फेऱ्यागणिक वाढत जाते आणि भाग एके दिवशी अचानक तुटतो.

अशी भेग भाग न कापता शोधण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे डाय पेनिट्रंट. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या कारखान्यांत भाग तेलात भिजवून, पुसून, वर खडूची पूड लावत आणि भेगेतून पाझरलेल्या तेलाचा डाग पाहत. आजही तत्त्व तेच आहे: लाल द्रव केशाकर्षणाने भेगेत शिरतो, साधारण दहा ते वीस मिनिटांनी वरचा द्रव पुसला जातो आणि पांढरा डेव्हलपर (शोषक पूड) आत उरलेला द्रव शोषून लाल रेघ उमटवतो.

माझ्या मते या चाचणीचा खरा कस स्वच्छतेत लागतो. भेगेत तेल किंवा मळी असेल, तर द्रवाला आत जागाच उरत नाही. शॉट ब्लास्टिंगच्या छऱ्यांच्या माऱ्याने तर भेगेचे तोंडच बुजू शकते, म्हणजे ज्या क्रियेने कास्टिंग चकचकीत होते तीच दोष झाकते. निरीक्षकाची नजरही तितकीच महत्त्वाची आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे डीसी-१० विमान कोसळले, ते इंजिनातील टायटॅनियमची चकती फुटल्यामुळे. आधीच्या देखभालीत या चकतीची अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या पेनिट्रंटने तपासणी झाली होती आणि सापडण्याइतकी मोठी भेग तेव्हाही तिच्यात होती, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता.

लोखंड-पोलादासाठी चुंबकीय कणांची चाचणी अधिक जलद ठरते. भागाला चुंबकत्व दिले की भेगेपाशी चुंबकीय रेषा बाहेर डोकावतात आणि लोखंडाची बारीक पूड तिथे गोळा होते. तोंड बुजलेली किंवा पृष्ठभागाच्या किंचित खालची भेगही त्यामुळे उघड होऊ शकते. मात्र रेषांना समांतर असलेली भेग दिसत नाही, म्हणून क्रँकशाफ्टला दोन दिशांनी चुंबकत्व द्यावे लागते. ॲल्युमिनियम आणि पितळ यांना ही चाचणी लागू पडत नाही. तपासणीनंतर भागातील चुंबकत्व काढून टाकले नाही, तर इंजिनातील लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि बेअरिंग झिजवतो.