कॅनडातील निवडणुका आणि परकीय हस्तक्षेप

एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाच्या निवडणुकीत लपूनछपून, फसवून किंवा धाक दाखवून ढवळाढवळ करणे म्हणजे परकीय हस्तक्षेप. राजदूताने जाहीर भाषणात यजमान सरकारवर टीका केली, तर ती मुत्सद्देगिरी झाली, मग ती कितीही झोंबो. त्याच वकिलातीतून मध्यस्थांच्या हाती पैसा जाऊ लागला, विद्यार्थ्यांना मतदानाला पिटाळले जाऊ लागले किंवा एखाद्या उमेदवाराच्या मायदेशातील नातेवाइकांची चौकशी सुरू झाली, की तो हस्तक्षेप होतो. कॅनडाने २०१९ मध्ये यावर इशारा देणारी यंत्रणा उभारली. दोन निवडणुका ती गप्प राहिली, त्यावरून वादळ उठले, न्यायिक चौकशी झाली आणि २०२५ च्या निवडणुकीत तीच यंत्रणा दर आठवड्याला बोलू लागली. हस्तक्षेपाचा सुगावा लागणे तुलनेने सोपे असते. तो कळल्यावर कोणी, कोणाला आणि केव्हा सांगायचे, इथे लोकशाही सरकारे अडतात, आणि ही अडचण कॅनडाइतकी उघडपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

शिरकाव कुठून होतो

कॅनडाच्या संघीय निवडणुकीत मतदान कागदी मतपत्रिकेवर होते आणि मोजणी मतदान केंद्रावरच, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर हाताने केली जाते. मतमोजणीत घुसून निकाल फिरवणे त्यामुळे जवळपास अशक्य आहे. म्हणून हस्तक्षेप करणारे त्याआधीचे टप्पे गाठतात.

सर्वांत कच्चा दुवा पक्षांतर्गत उमेदवार निवडीचा. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. कॅनडात बऱ्याच मतदारसंघांत स्थानिक पक्षसदस्य मतदान करून उमेदवार ठरवतात. हा पक्षाचा खासगी मामला समजला जातो. उमेदवारीच्या स्पर्धेतील जमाखर्चाला निवडणूक कायदा लागू होतो, पण मतदान कोण करतो यावर ‘इलेक्शन्स कॅनडा’ या निवडणूक यंत्रणेची देखरेख नसते. लिबरल पक्षाच्या तेव्हाच्या नियमांनुसार १४ वर्षे पूर्ण झालेल्या आणि त्या मतदारसंघात राहणाऱ्या कोणालाही सदस्य होता येई. नागरिकत्वाची अट नव्हती. पक्षाच्या बालेकिल्ल्यात उमेदवारी मिळाली की खासदारकी मिळाल्यासारखीच, आणि उमेदवारीचा निकाल काहीशे मतांवर लागतो. सार्वत्रिक निवडणुकीत हजारो मते वळवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त पडतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये टोरांटोतील डॉन व्हॅली नॉर्थ मतदारसंघात लिबरल पक्षाची अशी निवड झाली. चीनमधून आलेल्या शालेय विद्यार्थ्यांना बसने मतदानाला आणण्यात आले. चिनी वकिलातीशी संबंधित मध्यस्थाने विशिष्ट उमेदवाराला मत द्यायला सांगितले आणि तसे न केल्यास व्हिसावर परिणाम होईल असे आडून सुचवले, अशी गुप्तवार्ता पुढे आली. विजयी उमेदवाराने आपला यात हात असल्याचा साफ इन्कार केला. महिनाअखेरीस गुप्तचरांनी लिबरल पक्षाच्या सुरक्षा-मंजुरी असलेल्या प्रतिनिधींना ही माहिती दिली आणि ती पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्यापर्यंत पोचली. उमेदवार हटवण्याइतका आधार त्यात नाही, असे त्यांनी ठरवले. मतदान २१ ऑक्टोबरला झाले. मतदारांना यातले काहीच कळले नाही.

दुसरा मार्ग पैशाचा. २००७ पासून कंपन्या आणि कामगार संघटनांना संघीय पक्षांना देणगी देता येत नाही. फक्त नागरिक आणि कायम रहिवासी देऊ शकतात, तेही मर्यादेत: २०२५ मध्ये एका पक्षासाठी वर्षाला १,७५० कॅनेडियन डॉलर. मर्यादा इतकी कमी असल्याने परकीय पैसा आत आणायचा तर तो अनेक स्थानिक नावांत विभागावा लागतो, आणि प्रत्येक पावती दिसायला कायदेशीर असते. २०१८ ची अखेर ते २०१९ ची सुरुवात या काळात चिनी अधिकाऱ्यांकडून सुमारे अडीच लाख डॉलरची रक्कम हस्तांतरित झाली, मूळ झाकण्यासाठी ती अनेक हातांतून फिरवली गेली, असे गुप्तचर सांगतात. ती उमेदवारांच्या खिशात गेली असे मात्र सिद्ध झालेले नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा फरक अनेकदा गळून पडला.

तिसरा मार्ग स्थलांतरितांच्या भाषिक माध्यमांचा. चिनी वाचणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी वीचॅट हे एकच अ‍ॅप गप्पा, बातम्या आणि व्यवहार या सगळ्यांची जागा घेते, आणि त्यावर नियंत्रण बीजिंगचे. ब्रिटिश कोलंबियातील स्टीव्हस्टन–रिचमंड ईस्टचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार केनी च्यू यांनी २०२१ मध्ये परकीय सरकारांसाठी काम करणाऱ्यांची नोंदवही ठेवणारे खासगी विधेयक मांडले होते. निवडणुकीच्या तोंडावर वीचॅटवर मजकूर फिरू लागला की, या कायद्याने चिनी वंशाच्या सर्वच कॅनेडियनांना नाव नोंदवावे लागेल. च्यू हरले. पराभवात या अपप्रचाराचा वाटा असू शकतो, पण तसे खात्रीने म्हणता येत नाही, असे पुढे चौकशीत नमूद झाले. मतदाराने मत का बदलले हे मोजण्याचे साधन कोणाकडेच नसते, त्यामुळे ‘परिणाम किती’ या प्रश्नावर अशी प्रत्येक चौकशी अडते.

पाच जणांचे मंडळ आणि त्याचा उंबरठा

२०१८ मध्ये गुप्तचर सेवा सीएसआयएस, संदेश-सुरक्षा यंत्रणा सीएसई, संघीय पोलीस आरसीएमपी आणि परराष्ट्र खाते यांचा ‘साइट’ हा संयुक्त कृतिगट झाला. माहिती गोळा करून तिचा अर्थ लावणे हे त्याचे काम. तिचे पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी जानेवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने एक कार्यपद्धती जाहीर केली. निवडणूक जाहीर झाल्यावर सत्ताधारी मंत्र्यांनी इशारे देणे शोभत नाही, म्हणून निर्णय पाच वरिष्ठ नोकरशहांकडे सोपवला: प्रिव्ही कौन्सिलचे क्लार्क (आपल्या मंत्रिमंडळ सचिवांसारखे पद), राष्ट्रीय सुरक्षा व गुप्तवार्ता सल्लागार, आणि न्याय, सार्वजनिक सुरक्षा व परराष्ट्र या खात्यांचे उपमंत्री. कॅनडात ‘उपमंत्री’ हा राजकारणी नसतो. तो खात्याचा सचिव असतो.

क्रम असा. साइट मंडळाला माहिती देते. घटना, किंवा अनेक घटना मिळून, देशाची मुक्त व निष्पक्ष निवडणूक घेण्याची क्षमता धोक्यात आणतात का, हे मंडळ ठरवते. निर्णय एकमताने होतो. तो होकारार्थी असेल तर पंतप्रधान, प्रमुख पक्षांचे नेते आणि इलेक्शन्स कॅनडा यांना कळवून जनतेसमोर निवेदन केले जाते. पंतप्रधानांसह कोणालाही ते अडवता येत नाही.

कागदावर हे चोख होते. व्यवहारात तीन ठिकाणी अडले. उंबरठा संपूर्ण देशाच्या निवडणुकीला धरून आखला होता. तेव्हाच्या ३३८ मतदारसंघांपैकी एकदोन ठिकाणचा प्रकार त्याखालीच राहणार. कार्यपद्धती निवडणूक जाहीर झाल्यापासूनच लागू होई, आणि उमेदवार निवड बहुतेक वेळा त्याआधीच उरकलेली असते. तिसरी अडचण सर्वांत अवघड: परकीय सरकारने पेरलेला मजकूर आणि स्थानिक लोकांचा खरा राग वीचॅटवर सारखाच दिसतो. मंडळाने चूक करून कॅनेडियन नागरिकांच्या मतांवरच ‘परकीय’ शिक्का मारला, तर तोही निवडणुकीतला हस्तक्षेपच ठरेल. शिवाय फारशा लोकांपर्यंत न गेलेली अफवा सरकारी निवेदनामुळे देशभर पोचते. या भीतीपोटी मंडळ २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा गप्प राहिले. ट्रुडोंविषयीचा एक खोटा लेख मात्र २०१९ मध्ये सरकारी विनंतीनंतर फेसबुकवरून हटवला गेला होता. च्यू यांच्या समर्थकांना हा दुजाभाव वाटला, आणि ते समजण्यासारखे आहे.

गुप्तवार्ता आणि पुरावा यांतील दरीही विसरता येत नाही. खबऱ्याकडून किंवा चोरून ऐकलेल्या संभाषणातून मिळालेली माहिती न्यायालयात मांडली की स्रोत उघडा पडतो. म्हणून गुप्तचर ठामपणे सांगतात, पोलीस मान डोलावतात आणि खटला उभा राहत नाही.

गौप्यस्फोट ते ओग आयोग

सरकारने न सांगितलेली माहिती अखेर फुटली. नोव्हेंबर २०२२ पासून ग्लोबल न्यूज आणि ‘ग्लोब अँड मेल’ यांनी गुप्त कागदपत्रांच्या आधारे बातम्या दिल्या. मार्च २०२३ मध्ये ट्रुडो यांनी माजी गव्हर्नर जनरल डेव्हिड जॉन्स्टन यांना विशेष अहवालकर्ते नेमले. जाहीर चौकशीची गरज नाही, असे त्यांनी मे महिन्यात सांगितले. ट्रुडो कुटुंबाशी असलेल्या जुन्या स्नेहावरून टीका झाली आणि जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच मे महिन्यात, खासदार मायकल चाँग व त्यांच्या हाँगकाँगमधील नातेवाइकांना लक्ष्य केल्याच्या प्रकरणात कॅनडाने टोरांटोतील चिनी मुत्सद्दी झाओ वेई यांची हकालपट्टी केली. चीनने शांघायमधील कॅनेडियन मुत्सद्द्याला परत पाठवले.

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्व प्रमुख पक्षांच्या संमतीने क्वेबेक अपील न्यायालयाच्या न्यायमूर्ती मारी-जोझे ओग यांचा चौकशी आयोग नेमला गेला. ३ मे २०२४ च्या पहिल्या अहवालात त्यांनी दोन्ही निवडणुकांत हस्तक्षेप झाल्याचे मान्य केले, पण कोणता पक्ष सत्तेत आला हे त्याने बदलले नाही, असा निष्कर्ष दिला. २८ जानेवारी २०२५ च्या सात खंडांच्या अंतिम अहवालात ५१ शिफारशी आहेत. जून २०२४ मध्ये खासदारांच्या गुप्तवार्ता समितीने काही लोकप्रतिनिधी जाणूनबुजून किंवा अर्धवट जाणिवेने परकीयांना मदत करतात, असे म्हटले होते. संसदेत ‘देशद्रोही’ असल्याचा पुरावा नाही, असे ओग यांनी स्पष्ट केले. त्यांच्या मते सर्वांत मोठा धोका अपप्रचाराचा आहे.

ओग यांच्या अंतिम अहवालात चीनखालोखाल सर्वाधिक सक्रिय देश म्हणून भारताचे नाव आहे. २०२१ मध्ये भारताशी संबंधित मध्यस्थांनी काही उमेदवारांना, कदाचित त्यांच्या नकळत, बेकायदा आर्थिक मदत देण्याचा प्रयत्न केला असावा, असे त्यात म्हटले आहे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी हे फेटाळले आणि उलट कॅनडाच भारताच्या अंतर्गत बाबींत सातत्याने ढवळाढवळ करतो, असे उत्तर दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा मुत्सद्दी बाहेर काढल्याची पार्श्वभूमी या वादाला होती.

कायदे आणि २०२५ ची निवडणूक

अंतिम अहवालाची वाट न पाहता संसदेने सी-७० विधेयक मंजूर केले. २० जून २०२४ रोजी त्याचा कायदा झाला. गुप्तचर सेवेला आता केंद्र सरकारबाहेरही, म्हणजे प्रांत, विद्यापीठे, कंपन्या यांना, सावध करण्यापुरती माहिती देता येते. पक्षांतर्गत उमेदवार निवडीतील छुपी लुडबुडही गुन्ह्याच्या कक्षेत आली. परकीय सरकारच्या सांगण्यावरून कॅनडाच्या राजकीय प्रक्रियेवर प्रभाव टाकू पाहणाऱ्याने तसा करार झाल्यापासून १४ दिवसांत सार्वजनिक नोंदवहीत नोंद करायची. न केल्यास ५० लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद. हा नियम सर्व देशांना सारखाच लागू आहे. च्यू यांच्या विधेयकातील मूळ कल्पना अशा रीतीने तीन वर्षांनी कायद्यात उतरली, पण २०२५ च्या मतदानापर्यंत नोंदवही सुरू झाली नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये, नेतानिवडीच्या तोंडावर, लिबरल पक्षाने नियम बदलून मतदान नागरिक व कायम रहिवाशांपुरते ठेवले. वयाची अट १४ च राहिली.

२८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत साइटने आठवड्याला पत्रकार परिषद घेतली. पाच जणांच्या मंडळाचा उंबरठा उंचच होता. त्याखालच्या घटना कृतिगट स्वतः सांगू लागला. ७ एप्रिलला त्याने जाहीर केले की ‘यौली-यौम्येन’ या लोकप्रिय वीचॅट खात्यावरून, ट्रुडो यांच्या जागी आलेल्या पंतप्रधान मार्क कार्नी यांच्याविषयी मोहीम चालवली गेली. काही मजकूर त्यांचे कौतुक करणारा होता, काही टीकेचा. हे खाते चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या राजकीय व विधी आयोगाशी जोडलेले असून मजकूर १० ते ३० लाख वेळा पाहिला गेला. २१ एप्रिलला हाँगकाँगमधील लोकशाहीचे समर्थक आणि कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार जो ताय यांच्याविरुद्धची दडपशाही उघड केली. हाँगकाँग पोलिसांनी डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्यावर १० लाख हाँगकाँग डॉलरचे इनाम लावले होते, आणि ‘हवा आहे’ अशा फलकाच्या धर्तीवर त्यांचे चित्र फिरवले जात होते. पोलिसांच्या सल्ल्यावरून त्यांनी दारोदार प्रचार आवरता घेतला. त्यांचा मतदारसंघ डॉन व्हॅली नॉर्थच होता, ते हरले.

खरी माहिती पोचवण्यात एक अडसर मात्र कॅनडाने स्वतःच ओढवून घेतला. वृत्तसंस्थांना मोबदला देण्याच्या कायद्यावरून झालेल्या भांडणात मेटाने ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक व इन्स्टाग्रामवर कॅनडात बातम्या बंद केल्या. साइटच्या इशाऱ्यांच्या बातम्याही तिथे दिसत नव्हत्या.

भारताचा मार्ग

भारताने या प्रश्नाला प्रामुख्याने पैशाच्या बाजूने हात घातला. १९७६ च्या परकीय योगदान नियमन कायद्याने पक्ष व उमेदवारांना परदेशी देणगी घेण्यास मनाई केली. २०१० च्या कायद्यातही ती कायम राहिली. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, लंडनस्थित वेदांता समूहातील स्टरलाइट आणि गोव्यातील सेसा गोवा या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्यांमुळे भाजप व काँग्रेस या दोघांनीही कायदा मोडल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परकीय स्रोत’ याची व्याख्या सैल केली, आणि २०१८ च्या वित्त कायद्याने ती सूट मागे नेऊन ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू केली.