झूनी मृत्पात्रे : प्रतीके व विधींतील वापर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात राहणाऱ्या झूनी (स्वभाषेत आशिवी) या प्वेब्लो (अमेरिकेच्या नैर्ऋत्येतील, गावे वसवून शेती करणाऱ्या मूलनिवासींपैकी एका) समाजाच्या स्त्रियांनी घडवलेली रंगीत मातीची भांडी. त्यांत पाण्याच्या घागरी, अन्नाचे वाडगे आणि विधींसाठी राखून ठेवलेली पात्रे येतात.

ही भांडी चाकावर होत नाहीत. भिजवलेल्या मातीत जुन्या खापरांची पूड मिसळून वळ्या करतात, त्या एकावर एक चढवून भिंत उभी करतात, वर पांढऱ्या मातीचा लेप देतात आणि युक्का या वनस्पतीच्या पानाच्या चघळून मऊ केलेल्या कुंचल्याने काळी व तांबडी नक्षी काढतात. परंपरेने भाजणी उघड्यावर, मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या जाळात होते. माती डोवा यालान्ने या पवित्र पठारावरून आणत.

अभ्यासकांनी लावलेला शैलींचा क्रम स्थूलमानाने असा : माटसाकी (सु. १४०० ते १६८०), आशिवी (अठराव्या शतकाचा बराच भाग), कियाप्क्वा (सु. १७७० ते १८५०) आणि त्यानंतरची झूनी बहुरंगी. या सीमा शैलीवरून आखलेल्या असल्याने दोन्हीकडे काही दशके सरकू शकतात. स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १६८० च्या उठावानंतर झूनी लोक काही वर्षे डोवा यालान्नेवर एकवटले होते. माटसाकी शैलीचा शेवट साधारण याच सुमारास मानतात.

रेषेतील खंड. अनेक घागरींच्या गळ्याभोवतीची काळी रेषा पूर्ण जुळवलेली नसते. तिच्यात बोटभर जागा मोकळी राहते. झूनी गावात १८७९ पासून सुमारे साडेचार वर्षे राहिलेले अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक हॅमिल्टन कुशिंग यांना स्त्रियांनी सांगितले, की ही जिवाच्या बाहेर जाण्याची वाट आहे. भांडे तयार होताच त्यात एक अस्तित्व येते. ठोकल्यावर उमटणारा नाद हा त्याचा आवाज. फुटताना होणारा खणकन आवाज म्हणजे ते निघून जात असल्याची खूण, कारण फुटक्या भांड्याला पुन्हा नाद येत नाही. कुशिंग यांनी हे १८८६ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र असाच खंड झूनींच्या पूर्वजांच्या काळातील, कितीतरी शतके जुन्या प्वेब्लो भांड्यांवरही दिसतो. एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांचे स्पष्टीकरण त्या काळापर्यंत मागे नेण्यास आधार नाही. चॅपमन व एलिस या अभ्यासकांनी १९५१ मध्ये या एकाच खंडावर स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून प्रश्नाची गुंतागुंत लक्षात यावी. कुशिंग यांनी भांड्यांच्या नावांच्या व्युत्पत्तींवरून केलेले तर्क आज जपूनच घ्यावे लागतात. स्त्रियांच्या तोंडून ऐकून टिपलेला भाग मात्र अधिक विश्वसनीय वाटतो.

इतर आकृती. तोंडापासून हृदयापर्यंत तांबडी बाणरेषा असलेले हरीण, मोठे चक्राकार फूल आणि गुंडाळलेल्या चोचीचा ‘पर्जन्यपक्षी’ ही ओळखीची रूपे. कुंभारणींकडे बसून काम शिकलेल्या मानववंशशास्त्रज्ञ रूथ बुंझेल यांच्या १९२९ च्या ग्रंथावरून दिसते, की पुष्कळदा नक्षी स्वप्नात सुचते आणि तिचा अर्थ प्रत्येकीचा वेगळा असू शकतो. त्यामुळे रोजच्या घागरीवरची प्रत्येक आकृती ‘वाचण्याचा’ हव्यास टाळावा.

विधिपात्रे. येथे मात्र अर्थ ठाम आहेत. प्रार्थनेच्या पिठाचा वाडगा लहान असतो आणि त्याच्या काठाला पायऱ्यांसारखी टोके उंचावलेली असतात; या पायऱ्या म्हणजे ढग. काहींवर कमानीसारखी मूठ असते. अंगावर बेडूकमासे, चतुर व बेडूक रंगवतात. कुशिंग यांच्या नोंदीनुसार बेडूकमासा वसंतातील डबक्यांत वावरतो म्हणून तो वसंताच्या पावसाचा, चतुर उन्हाळ्यातील पावसाचा आणि पूर्ण वाढलेला बेडूक त्यानंतरच्या पावसाचा. कोरड्या पठारावर मक्याची शेती करणाऱ्या समाजाने पाण्याची सगळी वाट एवढ्याशा वाडग्यावर मांडली आहे! शिंगे असलेला जलसर्प कोलोविसी हाही काही पात्रांवर आढळतो. वाडग्यात पांढऱ्या मक्याचे पीठ असते. त्यात पिरोजा व शिंपल्यांची बारीक पूड मिसळतात आणि प्रार्थनेच्या वेळी ते चिमटीने शिंपडतात. कातडे ताणून बसवलेल्या मोठ्या मडक्यांचे ढोलही होतात. वेदीपुढे म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना त्या त्या धर्ममंडळाच्या मालकीच्या आहेत, आणि त्या तिथेच राहाव्यात.

१८७९ पासून जेम्स व मटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन या संशोधक दांपत्याच्या मोहिमांनी हजारो वस्तू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे नेल्या; जुन्या घागरींचा मोठा साठा तेथे आहे. विसाव्या शतकात ही कला क्षीण झाली. झूनी येथील शाळेत डेझी हूई आणि त्यांच्यानंतर जेनी लाटे यांनी ती शिकवली, आणि त्या वर्गांतून कुंभारणींबरोबर कुंभारही तयार झाले.