शनिवारी बंद राहणारा घाणा

दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आमच्या शेजारच्या ज्यू काकूंचा इस्रायलमधल्या अश्दोद शहरात व्हिडिओ कॉल असतो. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला की फोन बंद. ठाण्यात दिवेलागण होते तेव्हा इस्रायलमध्ये अजून दुपारच असते, त्यामुळे घाई फक्त काकूंना.

"जेवलास का रे?" काकू विचारतात. पलीकडून भाचीचा मुलगा हिब्रूत काहीतरी पुटपुटतो आणि त्याची आई ते मराठीत सांगते. काकूंची बहीण कुटुंबासह तिकडे गेली तेव्हा ही भाची पंधरा वर्षांची होती आणि भाचा सहाचा. आज भाच्याचं हिब्रू तिथंच जन्मल्यासारखं आहे. भाचीच्या हिब्रूला मात्र अजून मराठी हेल आहे आणि तिचाच मुलगा त्यावरून तिला चिडवतो.

एकाच घरातल्या भावंडांत हा फरक का? होइट ब्लीकली आणि एमी चिन या अर्थतज्ज्ञांनी १९९०च्या अमेरिकी जनगणनेवरून हेच तपासलं. लहानपणी अमेरिकेत आलेल्यांपैकी जे साधारण नऊ वर्षांच्या आत आले, त्यांचं इंग्रजी पुढं स्थानिकांइतकंच पक्कं झालं. त्यानंतर जितकं वय जास्त, तितकी भाषा कच्ची. पण उशिरा आलेल्या मुलाची अडचण फक्त भाषेची नसते. शाळा, मित्र, सगळंच नवं असतं. मग भाषेचा परिणाम वेगळा कसा काढायचा? त्यांनी तुलनेला इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून आलेली मुलं घेतली. स्थलांतराचे बाकीचे धक्के त्यांनाही बसलेले होते, भाषेचा तेवढा नाही. दोन्ही गटांतला फरक काढला तेव्हा दिसलं की कच्च्या भाषेचा फटका मोठेपणीच्या कमाईलाही बसतो. मला हा अभ्यास त्याच्या निष्कर्षापेक्षा या युक्तीसाठी जास्त आवडतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३०.४ कोटी होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. ते परक्या समाजात कसे मुरतात, हे समजून घेताना कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी दोन प्रश्न विचारतात. आपलं जपावंसं वाटतं का? इतरांत मिसळावंसं वाटतं का? दोन्हींना 'हो' म्हणणारा समाजाशी एकरूपही होतो आणि स्वतःचाही राहतो. फक्त मिसळणारा विरघळतो, फक्त जपणारा वेगळा पडतो. दोन्हींना 'नाही' म्हणणारा कुठलाच उरत नाही.

काकूंच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, पूर्वजांनी इथं दोन्हींना 'हो' म्हटलं होतं. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलले, गावावरून पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेतली. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. गावाची मिठी त्यांच्या जनुकांतही दिसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर आढळले. हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, त्यात ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आणि भारतीय वाटा बायकांकडून.

इथं तेलाला गिऱ्हाईक होतं आणि शनिवारच्या सुट्टीवर कुणाची हरकत नव्हती. नव्या देशात गोष्ट वेगळी झाली. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. पण भेदभाव होतो म्हणून काहींनी धरणं धरलं आणि १९५२ साली त्यांतले काही भारतात परतले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं विवाहनोंदणीआधी त्यांची वंशावळ तपासायचे आदेश दिले. हिब्रू शिकले, नोकरीला लागले, तरी लग्नाच्या दारात 'तुम्ही खरे ज्यू का?' हा प्रश्न उभा! जेरुसलेममध्ये आंदोलनं झाली आणि १९६४ साली सरकारनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. बेरींनी यजमान समाजाचाही विचार केला आहे, पण 'समरस व्हा' म्हणणाऱ्यांच्या भाषणात तो भाग सहसा गळतो.

बेरींच्या गटाला १३ देशांतल्या स्थलांतरित किशोरांत दोन्ही जपणारे सगळ्यांत सुस्थित दिसले. मात्र दोन्ही जपल्यामुळे माणूस सुस्थित होतो की सुस्थित माणसालाच दोन्ही जपणं परवडतं? तीच माणसं काही काळानं पुन्हा तपासणारे अभ्यास २०२१ साली एकत्र पाहिले गेले, तेव्हा परिणाम अगदीच किरकोळ निघाला.

मागच्या महिन्यात अश्दोदला नव्या घराचा मलिदा, म्हणजे बेने इस्रायलींचा आभाराचा विधी, होता. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. काकू इथून पडद्यावर ताट बघत होत्या. भाचीच्या मुलानं वाटी पुढं धरली, घास तोंडात असतानाच म्हणाला, "अजून." मराठीतच. काकू लगेच भाचीला ओरडल्या, "अगं, पोहे जाड आणलेस, पातळ नाही का मिळत तिकडं?"