चकचकीत स्टीलवर जंतू आरामात जगतात

घणसोलीत आमच्या लिफ्टच्या बटणांवर नवीन फिल्म लावलीय, 'नॅनो सिल्व्हर, ९९.९% जंतू नष्ट', आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच एकाने विचारलं की हेच हॉस्पिटलात सगळीकडे का नाही लावत. प्रश्न बरोबर आहे, पण ते ९९.९ कुठल्या टेस्टमधून येतं ते आधी बघा. अशा मालासाठी सर्रास वापरतात ती जपानी टेस्ट म्हणजे जंतूंचा थेंब टाकायचा, वर प्लास्टिकची फिल्म झाकायची आणि ३५ डिग्रीला, ९० टक्क्यांच्या वर ह्युमिडिटीत २४ तास ठेवून द्यायचं. हॉस्पिटलातला कॉटचा दांडा असा ओला राहतो का कधी? आयसीयूत तर एसी चालू असतो. २००९ च्या एका अभ्यासात साध्या खोलीच्या कोरड्या हवेत टेस्ट केली तेव्हा सिल्व्हरच्या कोटिंगने जवळपास काहीच मारलं नाही, तांब्याने मारलं. (अभ्यासात तांबे उद्योगाचा माणूस होता, हेही सांगून टाकतो.)

तांब्याची गंमतच ही की ते कोरड्यात जास्त जोरात चालतं. थेंब वाळला की बॅक्टेरिया थेट धातूला चिकटतो आणि उरलेल्या जराशा ओलाव्यात तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, उतरायला लागतात. तांबं त्यालाही लागतं, पण कणभर, जास्तीचं बाहेर फेकायला त्याच्या आवरणात पंप असतात. इथे आयन एवढे घुसतात की पंप पुरे पडत नाहीत. आवरण फाटतं, आत लोखंड-गंधकाच्या जोडणीवर चालणारी जी एन्झाइम्स असतात त्यांच्यातलं लोखंड हुसकावून तांबं स्वतः गंधकाला जाऊन बसतं, आणि ती एन्झाइम्स बंद पडली की काही अमिनो आम्लं बनणंच थांबतं. हायड्रॉक्सिल रॅडिकल्स म्हणजे समोर येईल त्याची मोडतोड करणारे कणही तयार होतात, त्यांचा वाटा किती यावर वाद आहे. शेवटी डीएनएचे तुकडे पडतात, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नाहीतर मेलेल्या जंतूची औषधांना न जुमानणारी जीन्स शेजारचा उचलू शकतो. आपल्या पांढऱ्या पेशीही गिळलेल्या जंतूवर तांबं सोडतात बरं का. यावरून तांब्याचं कडं घातलं की सांधेदुखी जाते असं कोणी सांगितलं तर मात्र हसून सोडून द्या.

स्टीलचं उलट. त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर असतो, तो जवळपास काहीच बाहेर सोडत नाही, म्हणून गंज नाही आणि जंतूंना त्रासही नाही.

अमेरिकेत २००८ मध्ये ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, तांब्याच्या मिश्रधातूंना 'दोन तासांत ९९.९ टक्के बॅक्टेरिया मारतात' असं म्हणायची परवानगी दिली. २०१३ मध्ये तिथल्या तीन हॉस्पिटलांच्या आयसीयूतला अभ्यास आला, कॉटचे दांडे, सलाइनचा स्टँड, नातेवाइकांच्या खुर्चीचे हात वगैरे तांब्याचे केले तर इन्फेक्शन ८.१ वरून ३.४ टक्क्यांवर. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र एवढा फरक दिसला नाही.

आता खरी अडचण. स्टीलवर तांब्याचं कोटिंग करायचं तर ते टिकाऊ हवं, आणि जंतू मारायचे तर त्याने आयन सोडत राहायला हवं, म्हणजे थोडं थोडं झिजायलाच हवं. प्लेटिंग केलेला काही मायक्रॉनचा थर रोजच्या हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) पुसण्यात किती दिवस पुरणार? आणि तांबं काळपट पडलं की हाउसकीपिंगच्या मावशी पितांबरी घेऊन घासत बसणार, खरं तर काळपट तांबंही काम करतं. वरून लॅकर म्हणजे पारदर्शक वॉर्निश मारलं तर मात्र सगळं फुकट, दुकानातल्या चमकत्या पितळी हँडलांवर बहुतेक तेच असतं.

म्हणून जाड थर देणाऱ्या पद्धती मला जास्त पटतात. कोल्ड स्प्रेमध्ये तांब्याची पूड न वितळवता आवाजापेक्षा जास्त वेगाने मारतात, कण आपटून चपटे होतात आणि एकमेकांत घट्ट बसतात, त्या आपटण्याने आतली रचना इतकी विस्कटते की आयन सुटणं सोपं होतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झिजलेल्या शाफ्टवर मेटल स्प्रे करून देणाऱ्यांना ही कल्पना लगेच कळेल, त्यांची गन वेगळी, गरम असते एवढंच. पण स्प्रेचा पृष्ठभाग खरखरीत येतो, खाचांत मळ बसतो आणि मळाखाली जंतू सुरक्षित. मग बफिंग, म्हणजे घासून गुळगुळीत करणं आलं, म्हणजे दर जॉबमागे खर्च आला, आणि कॉटच्या दांड्याला तर वाकणं आणि वेल्डचे जोडही असतात.