नांतचे फर्मान

नांतचे फर्मान : फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने एप्रिल १५९८ मध्ये नांत येथे काढलेली सनद. कॅथलिक आणि ह्यूगनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) यांच्यात १५६२ पासून अधूनमधून पेटणारी यादवी तिने थांबवली. तिला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणण्याची प्रथा आहे. ते खरे नाही. राज्याचा धर्म कॅथलिकच राहिला, ह्यूगनॉटांनाही कॅथलिक चर्चचा दशमांश (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा कर) भरावा लागे. त्यांच्या पदरात पडली ती मोजूनमापून दिलेली सवलत.

सनदेत ९२ जाहीर कलमे, ५६ खास कलमे आणि दोन स्वतंत्र आज्ञापत्रे होती. कायदा अमलात येण्यासाठी पार्लमाँ या वरिष्ठ न्यायालयांच्या दप्तरी त्याची नोंद व्हावी लागे. पॅरिसच्या पार्लमाँने खळखळ केली. हेन्रीने सदस्यांना बोलावून दटावल्यावर फेब्रुवारी १५९९ मध्ये नोंद झाली. आज्ञापत्रे मात्र या नोंदीबाहेरच राहिली, म्हणजे त्यांना आधार केवळ राजाच्या शब्दाचा. आणि खरे बळ तर तिथेच होते : ह्यूगनॉट पाद्र्यांसाठी वर्षाला ४५,००० एक्यू (फ्रेंच नाणे), ह्यूगनॉटांच्या ताब्यातील किल्ल्यांच्या शिबंदीसाठी १,८०,००० एक्यू, आणि ते किल्ले आठ वर्षे राखण्याची मुभा.

जाहीर उपासना कुठे करता येईल, हे कलमांनी ठरवून दिले होते. १५९६ मध्ये किंवा ऑगस्ट १५९७ अखेरपर्यंत जिथे ती उघडपणे चालत होती ती गावे, प्रत्येक न्यायविभागात ठरलेल्या जागा आणि न्यायदानाचा वरिष्ठ अधिकार असलेल्या सरदारांचे वाडे. पॅरिस आणि भोवतीच्या पाच लीगांच्या (सुमारे २० किमी.) टापूत बंदी होती. तरी १६०६ मध्ये शहराजवळच्या शाराँताँला प्रार्थनागृह उभारू देऊन हेन्रीने आपलाच नियम वाकवला. खटल्यांसाठी कास्त्रसारख्या ठिकाणी दोन्ही पंथांचे निम्मे-निम्मे न्यायाधीश असलेली न्यायपीठे होती.

किल्ले आधी गेले. ला रोशेल हे ह्यूगनॉटांचे बळकट बंदर वेढ्याने उपासमार होऊन ऑक्टोबर १६२८ मध्ये शरण आले. पुढच्या वर्षी आलेसच्या तहाने शिबंदी आणि राजकीय सभांचा हक्क काढून घेतला, उपासनेचा ठेवला. आता रक्षणाला उरला नुसता कागद, आणि चौदाव्या लुईच्या अधिकाऱ्यांनी तो अक्षरशः वाचायला घेतला : जे स्पष्ट लिहिलेले नाही ते निषिद्ध. १६६० नंतर गावोगावी पुरावे मागितले जाऊ लागले. यादवीत दप्तरे जळालेली किंवा हरवलेली. १५९६–९७ ची उपासना सिद्ध करणारा कागद नसला की प्रार्थनागृह पाडले जाई. अंत्ययात्रांवर वेळेचे निर्बंध आले, १६७९ मध्ये मिश्र न्यायपीठे बंद झाली, १६८१ मध्ये ह्यूगनॉट मुलांना कॅथलिक होता येण्याचे वय सात वर्षांवर आणले. त्याच वर्षी पश्चिम फ्रान्समधील प्वातू प्रांतात ह्यूगनॉटांच्या घरी ड्रॅगून (घोडेस्वार) सैनिक ठेवायला सुरुवात झाली. घरच्यांनी धर्म सोडेपर्यंत शिपायांचा खर्च आणि धिंगाणा सोसायचा.

ऑक्टोबर १६८५ मध्ये फोंतेनब्लोच्या फर्मानाने सनद रद्द झाली. ह्यूगनॉट पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम होता. सामान्यांना देश सोडण्यास बंदी, पळताना सापडलेल्या पुरुषाला गलबतावर वल्ही मारण्याची सजा. तरीही दीड ते दोन लाख लोक हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग, स्वित्झर्लंडकडे निसटले. नव्याने जिंकलेला, जर्मन सीमेवरचा आल्सेस प्रांत यातून वगळला होता, कारण तिथल्या प्रॉटेस्टंटांना १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाचे संरक्षण होते. मागे राहिलेल्यांना जन्म, विवाह आणि मृत्यू कॅथलिक पाद्र्याशिवाय नोंदवण्याची सोय १७८७ मध्ये मिळाली. जाहीर उपासनेचा हक्क त्यातही नव्हता.