जेम्स-लांगे सिद्धांत

भावना आधी जागी होते आणि मग शरीर साथ देतं, हा नेहमीचा समज उलटा करणारा मानसशास्त्रातला सिद्धांत. समोर काहीतरी घडलं की आधी शरीरात बदल होतात, धडधड, घाम, ताठलेले स्नायू, आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असं यात मांडलंय.

श्रेय कुणाचं यावर बरंच लिहिलं गेलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचा लेख १८८४ चा, डॅनिश डॉक्टर कार्ल लांगेची पुस्तिका १८८५ ची, आणि दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलं हे बहुतेक सगळेच मान्य करतात. पण दोघांचं म्हणणं तंतोतंत एक नव्हतं, लांगेचा सगळा भर रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावण्यावर होता, तर जेम्स आतले अवयव, स्नायू, प्रत्यक्ष कृती सगळंच धरत होता, त्यामुळे दोघांना एका जोडनावात बांधणं जरा सोयीचंच वाटतं. शरीर-भावना नात्याचा विचार तसा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तकडेही (१६४९) आहे.

अस्वल बघून पळतो म्हणून भीती वाटते, हे जेम्सचं उदाहरण एवढं गाजलं की सिद्धांत तेवढाच आहे असं लोक धरून चालले. १८९४ मध्ये त्याने खुलासा केला की तेच अस्वल आपल्याला मारेल असं वाटलं तर पळू आणि आपण त्याला मारू असं वाटलं तर लढू, म्हणजे सगळी परिस्थिती मोजायची. टीका करताना हा खुलासा बऱ्याचदा सुटतो.

सगळ्यात जड टीका अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननची, १९२७. सिंपथेटिक मज्जातंतू (धडधड, घाम असे बदल घडवणारे) काढलेली मांजरंही कुत्रा भुंकला की कान मागे पाडून फिसकारायची, आणि आतले अवयव तसेही फार हळू प्रतिसाद देतात. त्याआधी १९२४ मध्ये स्पेनच्या ग्रेगोरिओ मारान्योनने अॅड्रेनलिनची (धडधड वाढवणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शनं दिली तेव्हा बऱ्याच जणांनी ‘भीती वाटतेय जणू’ एवढंच सांगितलं, खरी भीती नाही. हा पुरावा जास्त बोचरा आहे, कारण तो माणसांच्या स्वतःच्या सांगण्यातून आला, मांजराला काय वाटलं हे वागण्यावरून ताडावं लागतं.

मधला मार्ग शॅक्टर आणि सिंगर (१९६२) या मानसशास्त्रज्ञांचा, शरीराची उत्तेजना अधिक तिचा आपण लावलेला अर्थ. तो जास्त पटण्यासारखा आहे, पण १९७९ मध्ये त्यांचा प्रयोग पुन्हा करून बघणाऱ्यांना तसेच निकाल मिळाले नाहीत. चेहऱ्याच्या हावभावाने भावना बदलते का, हा याच सिद्धांताचा फाटा, त्यातला दातात पेन धरायचा (म्हणजे चेहरा आपोआप हसरा होतो) १९८८ चा प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, परिणाम दिसला नाही.